अठ्ठावन्न गेम घेऊन ठेवलेत, आता कोणता खेळू?

नागपूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३८, मनीषनगरात घर, सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात नोकरी, नऊ वर्षांची मुलगी. धाकट्या भावाने नवा लॅपटॉप घेतला तेव्हा आपला जुना गेमिंग लॅपटॉप त्यांना देऊन टाकला. त्यात जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी आहे. मुलगी झोपली की रात्री दहाला त्या खेळायला बसतात. पाऊण तास मिळतो, तोही आठवड्यातून चारच रात्री. रविवारी दुपारी दीड तास निघतो. स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये घेतलेले आणि एपिक या दुसऱ्या दुकानात फुकट मिळालेले मिळून ५८ गेम जमले आहेत. पूर्ण झाले ते दोनच, ‘पोर्टल’ आणि ‘फायरवॉच’. ‘द विचर ३’ तीनदा सुरू करून सोडला, शेवटच्या खेपेला अकरा तास खेळून. भावाच्या आग्रहाने घेतलेला ‘सेकिरो’ चार तासांत बंद केला, तेव्हा भाऊ म्हणाला, “ताई, तू काही खरी गेमर नाहीस.” ते मनाला लागलं आहे. त्या विचारतात: पुढचा गेम कोणता? आधीचे अर्धवट संपवायला हवेत का? मुलगीही मागे लागते, तिच्यासोबत काय खेळू? आणि या लॅपटॉपवर भागेल की नवा घ्यावा?

ताई,

सोडून दिलेल्या गेमबद्दल तुम्ही पानभर लिहिलंय आणि पूर्ण केलेल्या दोघांना एक ओळ दिली आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या एका ओळीत दिसतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

‘पोर्टल’ २००७ चा, साधारण तीन तासांचा. ‘फायरवॉच’ २०१६ चा, चारेक तासांचा. एकात कोडी, दुसऱ्यात जंगलातल्या टेहळणी मनोऱ्यावरच्या माणसाची गोष्ट. वरवर पाहता दोघांत काही साम्य नाही. पण दोन्हींत एका वेळी एकच काम समोर असतं. नकाशावर शंभर खुणा नसतात, तलवार बदला, चिलखत बदला, गुण कुठे वाटायचे ते ठरवा, असली कारकुनी नसते. बुधवारी ठेवला आणि शनिवारी उघडला तरी आपण कुठे होतो हे अर्ध्या मिनिटात कळतं. तुम्हाला फक्त छोटे गेम झेपतात असा अर्थ यातून काढू नका. मध्ये दोन दिवस गेले तरी ज्याचा धागा तुटत नाही तो गेम तुमच्या हातून पूर्ण होतो, एवढंच यातून दिसतं. ‘कोणता गेम चांगला’ हे भावाला विचारा, तो बरोबर सांगेल. तुम्हाला मात्र आधी वेगळं विचारायला हवं: हा गेम मला कुठे थांबू देतो, आणि परत आल्यावर कसा आत घेतो?

आता वेळेचा हिशेब मांडू. चार रात्रींचे तीन तास आणि रविवारचा दीड, म्हणजे आठवड्याला साडेचार तास. पण प्रत्येक बैठकीची पहिली दहा मिनिटं लॅपटॉप सुरू होणं, अपडेट, ‘अरे, मी कुठे होते’ यात जातात. पाच बैठकांची पन्नास मिनिटं वजा केली की हातात उरतात सुमारे तीन तास चाळीस मिनिटं. ‘विचर ३’ची नुसती मुख्य कथा पन्नास तासांच्या आसपास आहे. तुमच्या गतीने चौदा आठवडे. वाटेतली उपकथानकं घेतली की सहा महिन्यांच्या वर. ऑगस्टमध्ये भेटलेलं पात्र फेब्रुवारीत परत भेटलं तर ते कोण हे कोणालाही आठवणार नाही. तीन वेळा सोडण्यात तुमची चिकाटी कमी पडली असं मला वाटत नाही. वेळेचा घाटच वेगळा होता.

‘सेकिरो’चंही तेच, फक्त कारण निराळं. समोरच्याचा वार नेमक्या क्षणी अडवायचा, हे त्या गेमचं मर्म आहे. ते डोक्याने शिकता येत नाही, हात बसावा लागतो. हात बसायला एकच शत्रू सलग दीड-दोन तास, रोज, चार-पाच दिवस घ्यावा लागतो. पाऊण तासाच्या बैठकीत वीस मिनिटं कालचं जमायला जातात, आणि जमू लागेपर्यंत अकरा वाजतात. दोन दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यात अवघडपणा कमी करायची सोयही दिलेली नाही. तुमच्या भावाला हॉस्टेलच्या रात्री मिळाल्या असतील, तुम्हाला त्या नाहीत. खरा गेमर, खोटा गेमर हा वाद इथे लागूच होत नाही.

अर्धवट राहिलेले आधी संपवायचे का? नाही. त्यांचे पैसे तेव्हाच गेले, खेळलात म्हणून परत येणार नाहीत आणि न खेळल्याने जास्तही जाणार नाहीत. एपिकवर दर गुरुवारी रात्री फुकट मिळणारे गेम तर बहुतेक जण नुसते गोळा करतात. पण ५८ नावांची यादी रोज डोळ्यांसमोर असली की निवडण्यातच दहा मिनिटं जातात, म्हणून तिचा बंदोबस्त करा. स्टीमच्या लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, मग ‘मॅनेज’, मग ‘हाइड धिस गेम’. गेम जात नाही, फक्त दिसेनासा होतो, केव्हाही परत आणता येतो. तीन गेम समोर ठेवा. एक चालू, एक रविवारचा, एक मुलीसोबतचा. बाकी पंचावन्न एका दुपारी लपवून टाका.

तुम्ही पाठवलेल्या यादीतूनच पुढचं ठरवू, आत्ता नवीन काही विकत घेऊ नका. एकच अपवाद, ‘पोर्टल २’.

तो यादीत नाही याचंच मला आश्चर्य वाटलं. २०११ चा गेम, आठ-नऊ तासांचा, म्हणजे तुमचे जेमतेम अडीच आठवडे. तुमचा लॅपटॉप तो सहज चालवतो. कोडी छोट्या-छोट्या चेंबरमध्ये आहेत, एकेक चेंबर दहा-पंधरा मिनिटांचं. कोडं सुटेना तर सरळ बंद करून झोपा. सकाळी कणीक मळताना उत्तर सुचतं, ‘पोर्टल’ खेळताना हा अनुभव तुम्हाला आलाच असेल. एक लक्षात ठेवा: अडलात की गेममधली गुंतागुंत बहुधा कमीच असते. आधी पोर्टल (भिंतीतून आरपार जायचं दार) लागू शकेल अशी पांढरी भिंत कुठे-कुठे आहे ते खोलीभर फिरून पाहा, तिथूनच उलटं यायचं. सेल लागला की हा गेम फार स्वस्त होतो, तेव्हा विशलिस्टमध्ये टाकून ठेवा, भाव उतरला की ईमेल येतो.

त्यानंतर, किंवा सेल लांब असेल तर आधीच, ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. तो तुमच्याकडे आहे, आणि मला विचाराल तर सबंध यादीतला तुमच्यासाठी सगळ्यात योग्य गेम हाच. लुकास पोप यांनी बनवलेला, २०१८ चा. एक जहाज माणसांविना बंदराला लागलं आहे. तुम्ही विम्याच्या तपासनीस. जहाजावरच्या साठ जणांपैकी प्रत्येकाचं नाव काय आणि त्याचं काय झालं, हे वहीत भरायचं. प्रेत सापडलं की त्या मृत्यूचा गोठलेला क्षण पाहता येतो, बाकी सगळं निरीक्षणावर. कोणाच्या हातात काय आहे, कोण कोणत्या बोलीत बोलतो, झोपायच्या झुल्यावर कोणता क्रमांक आहे. तीन जणांची माहिती बरोबर भरली की गेम ती छापील अक्षरांत पक्की करतो, त्यामुळे नुसत्या अंदाजाने पुढे जाता येत नाही. कार्यालयात तुम्ही कागदपत्रं पडताळता असं लिहिलं आहे, ती नजर इथे शंभर टक्के कामाला येईल. वही गेममध्येच असल्याने चार दिवस खंड पडला तरी बिघडत नाही. दोन अडचणी आहेत. चित्रं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची आहेत, डोळे दुखले तर सेटिंगमध्ये रंगछटा बदला आणि खोलीतला दिवा चालू ठेवा. आणि जखमा, प्रेतं स्पष्ट दिसतात, तेव्हा मुलगी जागी असताना नको. उत्तरं इंटरनेटवर पाहिलीत तर संपलं, हा गेम आयुष्यात एकदाच खेळता येतो.

थकून आलेल्या रात्रींसाठी ‘हेडीस’ ठेवा. २०२० चा, सुपरजायंटचा. पाताळातून पळून जायचा एक प्रयत्न वीस ते चाळीस मिनिटांत आटोपतो, मेलात की घरी, घरी कोणीतरी नवीन बोलतं, म्हणजे मरण्यातही कथा पुढे सरकते. मध्येच बंद केला तर ज्या खोलीत होता तिच्या सुरुवातीपासून पुन्हा चालू होतो. पहिल्या दिवशीच सेटिंगमध्ये ‘गॉड मोड’ चालू करा. त्याने सुरुवातीला इजा २० टक्के कमी होते आणि प्रत्येक मरणागणिक आणखी २ टक्के, असं करत ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे गेम तुमच्या गतीला येऊन मिळतो. कथेत काहीही कापलं जात नाही. भावाला सांगायची गरज नाही, आणि सांगितलंत तरी त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र हा हाताची बोटं तापवणारा गेम आहे. अकराला बंद करून सव्वाअकराला झोप हवी असेल तर शेवटचा प्रयत्न साडेदहाच्या आत सुरू करा.

‘आऊटर वाइल्ड्स’ रविवारच्या दुपारचा. बावीस मिनिटांचं कालचक्र आहे, ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून. तुमच्याजवळ उरतं ते फक्त कळलेलं ज्ञान, आणि ते जहाजातल्या नोंदवहीत आपोआप मांडलेलं असतं. बावीस मिनिटांत एक ग्रह पाहा, नोंद वाचा, थांबा. कीबोर्डवर यान उडवणं त्रासाचं आहे, कंट्रोलर लागेल. चक्कर येत असेल तर ‘फील्ड ऑफ व्ह्यू’ (नजरेचा आवाका) वाढवून बघा, तरीही येत असेल तर नाद सोडा. हा आला त्याच वर्षी, २०१९ ला, ‘द आऊटर वर्ल्ड्स’ नावाचा अगदी वेगळा बंदुकांचा गेमही आला. नावातल्या साम्यामुळे चुकीचा घेणारे पुष्कळ आहेत, तुमच्याकडे कोणता आहे ते एकदा तपासा.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ सध्या नको. १५० जीबी जागा खातो, पहिले दोन-तीन तास बर्फातून संथ चाल, आणि मोहीम चालू असताना सेव्ह करता येत नाही. पाऊण तासाच्या बैठकीशी याचं जुळत नाही. गेम थोर आहे, पण तो लांब सुट्टीचा गेम आहे.

‘विचर’बद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तीनदा परत गेलात म्हणजे त्यात काहीतरी तुम्हाला ओढतं आहे. तुम्ही लिहिलंय की भावाने सांगितलं म्हणून नकाशावरची सगळी प्रश्नचिन्हं चालू केलीत आणि एकेक करत निघालात. तिथे चूक झाली. त्या चिन्हांमागे बहुतेकदा दोन-चार राक्षस आणि एक पेटी असते, कथा नसते. स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रात तर बुडालेल्या पेट्यांचीच रांग आहे. डिसेंबर २०२२ च्या अपडेटनंतर नकाशाच्या मूळ फिल्टरमध्ये ही चिन्हं लपलेलीच असतात, तेच फिल्टर परत लावा. अवघडपणा ‘जस्ट द स्टोरी’वर आणा, तो खेळताना केव्हाही बदलता येतो. अकरा तासांवर आहात म्हणजे व्हेलेन या भागात असाल. तिथल्या बॅरनची गोष्ट, तीच मोहीम ‘ट्रॅक’वर ठेवून, शेवटपर्यंत न्या. ती स्वतःपुरती पूर्ण कादंबरी आहे. ती संपल्यावर वाटलं तर थांबा. पन्नास तासांचा गेम सोडला असं तेव्हा वाटणार नाही, एक चांगली गोष्ट पूर्ण वाचली असं वाटेल. हे काम दिवाळीच्या सुट्टीला ठेवा, सलग पाच-सहा दिवस रोज बसता येईल तेव्हा.

खंडानंतर परतताना आणखी एक. सेव्ह लोड होताना मागचा कथाभाग निवेदक थोडक्यात सांगतो, तो घाईने ओलांडू नका. मग मोहिमेवर जाण्याआधी नदीकाठी जाऊन दोन-तीन ड्राउनर (पाण्यातले किरकोळ राक्षस) मारा, बोटांना बटणं आठवतात. आणि लढताना लोळण घेण्यापेक्षा डावीकडच्या ‘ऑल्ट’ने हलकेच बाजूला सरा. ‘स्पेस’ची लांब लोळण तुम्हाला वार करण्याच्या अंतराबाहेर नेते.

आणि हे कोणत्याही गेमला चालेल: लॅपटॉपजवळ एक साधी वही ठेवा. बंद करण्याआधी दोन मिनिटं द्या आणि तीन गोष्टी लिहा. कुठे आहे, पुढे काय करायचं, कोणतं बटण विसरायला होतं. उदाहरणार्थ, “क्रोज पर्च. बॅरनशी बोलून झालं, वरच्या खोल्या तपासायच्या. क्वेन (ढालीची जादू) लावूनच भांडायचं.” एवढ्या दीड ओळीने पुढच्या बैठकीची दहा मिनिटं वाचतात. आठवड्याच्या पाच बैठका धरल्या तर ती एका पूर्ण रात्रीची भर आहे.

अपडेटचा वेळही असाच वाचतो. स्टीमच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘डाउनलोड्स’खाली आपोआप अपडेटची वेळ ठरवून देता येते. रात्री आठ ते दहा ठेवा आणि स्वयंपाकाला लागताना लॅपटॉप चालू करून द्या. दहाला बसाल तेव्हा सगळं तयार असेल.

आता मुलगी. तिच्यासोबत ‘स्टारड्यू व्हॅली’. २०१६ चा, एरिक बॅरोन या एकाच माणसाने बनवलेला शेतीचा गेम. एकाच पडद्याचे दोन भाग करून दोघींना खेळता येतं, मात्र निदान एक कंट्रोलर लागतो. तुमच्या जुन्या शेतावर तिला बोलवायचं असेल तर आधी रॉबिनकडून एक केबिन बांधून घ्यावी लागते. दोघींनी नवं शेत सुरू केलं तर सुरुवातीलाच केबिन निवडता येते, तेच सोपं. गेममधला एक दिवस सुमारे चौदा मिनिटांचा आणि सेव्ह फक्त झोपल्यावर होतो. दिवस अर्धा असताना लॅपटॉप बंद केला तर तो दिवस गेला, मग मुलगी रुसणार. म्हणून “तीन दिवस खेळायचे” असं दिवसांत ठरवा, मिनिटांत नको. तीन दिवस म्हणजे जवळजवळ पाऊण तास.

शेतीत नवख्यांच्या दोन चुका ठरलेल्या. ऋतू २८ दिवसांचा, आणि तो पालटला की त्याच ऋतूची उभी पिकं एका रात्रीत वाळतात. २६ तारखेला आठ दिवसांचं बी पेरू नका, पाकिटावर किती दिवस लिहिलेत ते आधी वाचा. दुसरी चूक पाण्याच्या झारीची. ती तांब्याची करून घ्यायला लोहाराला ५ तांब्याच्या लगडी आणि २००० नाणी द्यावी लागतात आणि झारी दोन दिवस त्याच्याकडे राहते. मध्ये पाणी घालता येत नाही. सकाळी घरातला टीव्ही लावून उद्याचं हवामान पाहा. उद्या पाऊस असेल तर आज पाणी घालून झारी द्या. उद्याचं पावसाने भागतं, परवा सकाळी झारी हातात. मुलीला टीव्ही पाहायचं काम द्या, ते ती विसरणार नाही.

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी दोघींनी ‘वेनबा’ घ्या. २०२३ चा, दीडेक तासाचा. कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट, आणि आईच्या फाटक्या पाककृतींच्या वहीवरून इडली, बिर्याणी करायची. इडलीपात्राच्या थाळ्या कशा रचायच्या हे कोडं तुम्ही क्षणात सोडवाल, मुलगी नाही. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा ‘राजी’ही तिला दाखवा. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, राजस्थानी महाल, भिंतींवरच्या चित्रांतून सांगितलेल्या पुराणकथा. लढाया मध्ये-मध्ये अडखळतात आणि शेवट अचानक येतो हे खरं. तरी पाच-सहा तासांत डोळे निवतात. ‘इट टेक्स टू’ बऱ्याच ठिकाणी सुचवलेला दिसेल. तो तुम्ही आणि यजमानांनी खेळा, उत्तम आहे. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या आईबापांची ती गोष्ट आहे आणि त्यात एका खेळण्यातल्या हत्तीचा प्रसंग असा आहे की नऊ वर्षांचं मूल रडेल.

कंट्रोलर बर्डीच्या बाजारात घ्यायला जाल तेव्हा तारेचाच घ्या, बॅटरीची कटकट नको. त्यावर ‘एक्स-इनपुट’ (विंडोजचे नवे गेम पॅड ओळखतात ती पद्धत) चालतं का हे विचारा. स्वस्त पॅड कधी-कधी फक्त जुन्या पद्धतीने ओळखले जातात आणि मग अर्धे गेम त्यांना बघतही नाहीत. दुकानातच लॅपटॉपला लावून दोन्ही काड्या सोडून द्या. हात न लावता पडद्यावरचा ठिपका सरकत असेल तर तो पॅड परत करा.

लॅपटॉप नवा घ्यायची गरज नाही. वर खेळा म्हणून सांगितलेल्यांपैकी सगळ्यात जड ‘विचर’, आणि तोही यावर नीट चालतो, फक्त सुरू करताना ‘डायरेक्टएक्स ११’ निवडा, ‘हेअरवर्क्स’ (केसांचा देखावा) बंद, सावल्या आणि झाडांचं अंतर मध्यम. अगदी नवे मोठे गेम मात्र विचारून घ्या. २०२४ चा ‘इंडियाना जोन्स’ किंवा २०२५ चा नवा ‘डूम’ यांना रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याचं) हार्डवेअरच लागतं, ते १६५० मध्ये नाही. सेटिंग कितीही खाली आणलं तरी ते भागत नाही. शंका असेल तर स्टीमवर घ्या. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. डाउनलोडचा वेळ त्यात धरत नाहीत.

खर्च करायचाच तर रॅमवर करा. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ आणि तिथे ‘मेमरी’ उघडा. ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर दोनपैकी एक असं दिसत असेल तर त्याच वेगाची ८ जीबीची दुसरी पट्टी टाकून घ्या. वेगही त्याच पानावर लिहिलेला असतो, त्याचा फोटो काढून दुकानात न्या. दोन पट्ट्यांनी नुसती जागा वाढत नाही, प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते, आणि मान वळवताना येणारे गचके कमी होतात.

“वीस मिनिटं बरा चालतो, मग अडकतो” असं तुम्ही लिहिलंय. ते बहुधा रॅमचं लक्षण नाही, उष्णतेचं आहे. रॅम कमी असेल तर सहसा सुरुवातीपासूनच अडकतो. नागपूरच्या मे महिन्यात, नवतपात तर रात्री दहालाही खोली तापलेली असते, लॅपटॉपचा पंखा तीच हवा आत ओढतो. चिप ठरावीक तापमानाला पोचली की स्वतःला वाचवायला वेग उतरवते. टास्क मॅनेजरच्या ‘जीपीयू’ पानावर तापमान दिसतं, अडकताना ते पंच्याऐंशीच्या पुढे असेल तर निदान पक्कं.

उपाय सोप्यापासून करत जा. गादीवर, उशीवर ठेवू नका, खालची जाळी बंद होते. मागची बाजू दोन सेंटिमीटर उचला, दोन जुनी पुस्तकं कडांना लावली तरी पुरे, मधली जाळी मोकळी राहिली पाहिजे. मग एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज’, ‘मॅक्स फ्रेम रेट’ ६० करा. ‘पोर्टल २’सारखा हलका गेम मोकळा सोडला तर सेकंदाला दोनशे चित्रं काढत बसतो आणि उगाच तापतो, ६० वर बांधला की पंख्याचा आवाजही बसतो. तेवढ्याने भागलं नाही तर विंडोजच्या ‘पॉवर ऑप्शन्स’च्या प्रगत सेटिंगमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण त्याने प्रोसेसरची टर्बो उडी बंद होते आणि तापमान चांगलंच उतरतं. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो, नसेल तर सोडून द्या. शेवटी दुकानातून धूळ काढून थर्मल पेस्ट बदलून घ्या. घरी ब्लोअर मारणार असाल तर आतला पंखा बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने तो गरागरा फिरला तर खराब होतो.

कूलरबद्दल मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे प्रत्येक घरात तो आहे. खोली थंड करायला कूलर हवाच, पण लॅपटॉप त्याच्या थेट झोतात ठेवू नका. झोतासोबत पाण्याचे बारीक थेंब येतात, बोअरच्या पाण्याचा क्षार येतो, आणि तो आतल्या धुळीवर बसून पंख्याच्या पात्यांवर पांढरट थर करतो. टेबल झोताच्या बाजूला सरकवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. वादळी संध्याकाळी लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि गेम एकदम मंदावतो. तो बिघाड नाही, बॅटरीवर ग्राफिक्स कार्डला पुरेशी वीज मिळत नाही. सेव्ह करून बंद करा.

अशाच चिंतेत असलेल्या, पण ग्राफिक्स कार्ड नसलेल्या वाचकांसाठी दोन नावं: ‘स्ले द स्पायर’ आणि ‘इन्टू द ब्रीच’. दोन्ही ऑफिसच्या साध्या लॅपटॉपवर, फक्त माऊसने चालतात. दुसऱ्यात आठ बाय आठचा पट आणि तीन यंत्रं. शत्रू पुढच्या चालीत काय करणार हे आधीच दाखवतो, म्हणजे घाई अजिबात नाही, बुद्धिबळासारखा विचार करत बसा. आणि ताई, तुम्ही मेट्रोने जाता असं लिहिलंय, तर फोनवर ‘मिनी मेट्रो’ टाका. रंगीत रेघांनी स्थानकं जोडायची, गर्दी तुंबू द्यायची नाही. त्यात मुंबईचाही नकाशा आहे. जयप्रकाशनगरला बसलात की एक डाव सुरू करा, झिरो माइल येईपर्यंत बराच पुढे गेलेला असेल. सगळ्या रेघा एकाच स्थानकात आणून सोडल्या की तिथे गर्दी तुंबून डाव संपतो, तेव्हा अदलाबदलीची दोन-तीन वेगवेगळी ठिकाणं ठेवा.